खाण्यापिण्याचं बजेट संध्याकाळी सात वाजता मोडतं, ते सांभाळायचं कसं

आकडा ठरवणं सोपं असतं हो. महिन्याच्या सुरुवातीला हातात पैसे असतात, पोट भरलेलं असतं, वही-पेन घेऊन बसायला वेळ असतो आणि आपण छानपैकी एक गोल आकडा लिहून टाकतो की या महिन्यात खाण्यापिण्यावर एवढंच. मग 18-20 तारखेला कळतं की तो आकडा कधीच ओलांडून झालाय. माझ्या घरात हे सलग दोन वर्षं चाललं. दर महिन्याला मी आकडा अजून थोडा खाली आणायचे, मागच्या महिन्याची भरपाई म्हणून, आणि दर महिन्याला तो अजून लवकर मोडायचा.

शेवटी एका रविवारी सगळ्या पावत्या आणि मोबाईलवरचे पेमेंटचे मेसेज घेऊन बसले तेव्हा दिसलं की महिन्याच्या मोठ्या सामानात गडबड नव्हतीच, ते मापात होतं. पैसे जात होते ते संध्याकाळी सहा ते नऊच्या मधे, दमून घरी आल्यावर, "आज खायला काय" हा प्रश्न समोर आला की. कधी बाहेरून मागवलं, कधी "फक्त दूध आणते" म्हणून गेले आणि चार वस्तू जास्त घेऊन आले. त्यामुळे खाली जे काही लिहितेय ते सगळं त्या दमलेल्या तासाला धरून आहे. बजेट करताना आपण आपलं सगळ्यात शिस्तीचं रूप डोळ्यासमोर ठेवतो, पण खर्च करतो तो दमलेला भुकेला माणूस, आणि त्याची सोय आधी केली नाही तर कितीही सुंदर तक्ता बनवा, उपयोग नाही.

पहिलं काम, चार आठवडे काहीही बदलू नका, फक्त लिहा. खरंच काहीही बदलू नका. काटकसर सुरू करायची घाई झाली की आकडे खोटे येतात. वस्तू, पैसे, वार आणि वेळ, एवढंच लिहायचं. वेळ लिहायला विसरू नका कारण सगळी गोम तिथेच सापडते. शिवाय प्रत्येक खर्चासमोर एक खूण करा, ठरवून घेतलं की अचानक. चार आठवड्यांनी अचानकवाल्या खुणांची बेरीज करा, माझी केली तेव्हा मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले होते. कुणाचं दुपारी ऑफिसात जातं, कुणाचं रविवारी मुलांबरोबर फिरताना, कुणाचं रात्री झोपण्याआधी फोनवर. तुमचा तास कुठला आहे ते तुमच्याच कागदावर दिसेल, माझ्या सांगण्यावर जाऊ नका.

मग आकडा. खूप जण विचारतात की उत्पन्नाच्या किती टक्के खाण्यावर जायला हवेत. असं एक उत्तर नसतंच. अर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1857 मध्येच दाखवून दिलं होतं की उत्पन्न कमी असेल तर त्यातला मोठा हिस्सा खाण्यावर जातो आणि उत्पन्न वाढत गेलं की तो हिस्सा लहान होत जातो. म्हणजे शेजाऱ्याचा टक्का तुमच्या घराला लागू पडत नाही, तुमच्यापेक्षा दुप्पट कमावणाऱ्याशी तुलना करून स्वतःला उधळ्या समजायची तर अजिबातच गरज नाही. आपल्या चार आठवड्यांचा खरा आकडा घ्या आणि पहिल्या महिन्यात त्यातून फार तर दहावा भाग कमी करा. एकदम निम्म्यावर आणलेलं बजेट दुसऱ्या आठवड्यात मोडतं, आणि एकदा मोडलं की "आता काय, गेलंच" म्हणून उरलेला महिना मोकळा सुटतो, ते नुकसान जास्त मोठं.

आठवड्याची वाटणी करताना एक चूक जवळपास सगळे करतात, महिन्याचे पैसे भागिले चार. पण महिना 28 दिवसांचा नसतो ना, दोन-तीन दिवस वर असतात आणि नेमके तेच दिवस कोरडे जातात. महिन्याचे 100 भाग धरले तर चारने भागून आठवड्याला 25 येतात, पण 30 दिवसांनी भागून सातने गुणलं तर साधारण 23 येतात. ते 23च धरा. चार आठवड्यांचे 92 झाले, उरलेले 8 शेवटच्या दोन-तीन दिवसांसाठी. धान्य, तेल, डाळी असं जे महिन्यातून एकदाच भरता ते आधी बाजूला काढा आणि राहिलेल्याची अशी वाटणी करा. आठवडा कुठल्या वारी सुरू करायचा हेही बघून ठरवा, माझा मी मुद्दाम सोमवारी सुरू करते, कारण शनिवार-रविवार हे खर्चाचे दिवस आणि ते आठवड्याच्या शेवटी आले की हातात किती उरलंय ते बघून खर्च होतो.

आता मुद्द्याचं, दमलेल्या दिवसाची सोय.

घरात कायम तीन जेवणं अशी पाहिजेत की जी 15-20 मिनिटांत होतात, फार चिरावं लागत नाही, आणि ज्यांचं सामान महिनाभर टिकतं. कुठली तीन ते तुमच्या घरच्यांना काय आवडतं त्यावर. एका भांड्यात होणारं काहीतरी, अंडी खात असाल तर अंड्यांचं काहीतरी, आणि एक फ्रीझरमध्ये शिजवून ठेवलेलं. ही तीन नावं कागदावर लिहून फ्रीजच्या दारावर चिकटवा. डोक्यात ठेवू नका, कारण त्या वेळी डोकं चालत नाही, हाच तर प्रॉब्लेम आहे. आणि या तीन जेवणांचं सामान संपलं तर ते यादीत सगळ्यात वर येणार, दुधाच्याही वर. मला विचाराल तर अख्ख्या लेखातलं एकच काही करायचं असेल तर हे करा, बाकी राहू दे. माझं बाहेरून मागवणं निम्म्याहून कमी झालं ते या एका कागदामुळे, मनावर ताबा वगैरे ठेवून नाही झालं.

फ्रीझरसाठी वेगळा वेळ काढायची गरज नाही. कधीही काही शिजवाल तेव्हा थोडं जास्त करा आणि वेगळा डबा भरा, डब्यावर नाव आणि तारीख लिहा, नाहीतर महिन्याभराने आत नक्की काय आहे कुणालाच ओळखू येत नाही. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, फ्रीज 4-5 अंश सेल्सिअसला आणि फ्रीझर उणे 18ला असावा, आणि नुसत्या फ्रीजमधलं उरलेलं तीन-चार दिवसांत संपवावं. उरलेल्याचा एक ठराविक कप्पा ठेवा, डोळ्यांच्या पातळीवरचा. मागे ढकललेला डबा हा फेकायचाच डबा असतो.

फेकण्यावरून आठवलं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालात 2022 सालचा जगाचा अंदाज आहे, 105 कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं 60 टक्के घराघरांतून गेलं. दुकानं, हॉटेलं सगळी मिळूनसुद्धा घरांपेक्षा कमी. मला हे वाचून खूप वाईट वाटलं होतं आणि मी महिनाभर आमच्या घरात टाकलेली प्रत्येक गोष्ट लिहिली. टाकलेलं जवळपास सगळं दोन प्रकारचं होतं, ऑफरमध्ये जास्तीचं घेतलेलं आणि "या आठवड्यापासून आपण चांगलं खायचं" म्हणून उत्साहात आणलेल्या पालेभाज्या. म्हणजे अचानक केलेला खर्च आणि वाया गेलेलं अन्न, बऱ्याचदा ही एकच वस्तू असते, एकदा पावतीवर दिसते आणि दुसऱ्यांदा कचऱ्यात.

पाकिटावरच्या तारखांचंही बघा. "या तारखेपर्यंत सर्वोत्तम" असं लिहिलेलं असेल तर ती चवीची आणि दर्जाची तारीख, कोरड्या वस्तू त्यानंतरही नीट ठेवल्या असतील तर बहुतेकदा चालतात, बघून वास घेऊन ठरवता येतं. पण "या तारखेच्या आत वापरा" असं असेल तर ती सुरक्षिततेची आहे, तिथे वासावर जाऊ नका. या दोन तारखांची गल्लत झाली की चांगलं टाकलं जातं नाहीतर खराब पोटात जातं.

यादी स्वयंपाकघरात उभं राहून करायची, सोफ्यावर बसून नाही. डबे उघडा, फ्रीज उघडा, आधी काय संपवायला झालंय ते बघा, त्यावरून चार-पाच दिवसांची जेवणं ठरवा (सात दिवसांची ठरवू नका, दोन दिवस काहीतरी बदलतंच, कुणी पाहुणे येतात, कुणी बाहेर जेवून येतं) आणि मग जे कमी पडतंय तेवढंच यादीत. प्रत्येक वस्तूसमोर माप लिहा. नुसतं "टोमॅटो" लिहिलं की दुकानात मन ठरवतं, "अर्धा किलो" लिहिलं की कागद ठरवतो. आणि यादीच्या शेवटी एक ओळ मोकळी सोडा, एक वस्तू मनाला येईल ती, पण एकच, आणि तिची वरची मर्यादा घरातूनच ठरवून. लोक म्हणतात ही पळवाट आहे. मला नाही वाटत. काहीच नाही घ्यायचं म्हटलं की मन तिथेच अडून राहतं, एक घ्यायची असेल तर माणूस दुकानभर फिरून निवडतो आणि बाकीच्या दहा परत ठेवतो.

दुकानाची रचनाही थोडी समजून घेतली पाहिजे. पूर्वी काउंटरपलीकडे माणूस असायचा, आपण यादी सांगायचो आणि तो एकेक काढून द्यायचा. स्वतः उचलून घ्यायचं दुकान 1916 मध्ये क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी अमेरिकेत मेम्फिसला सुरू केलं आणि तेव्हापासून आपण मांडणीच्या मधून चालत जातो. पुढे 1937 मध्ये ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने चाकाची ट्रॉली आणली, कारण त्याच्या लक्षात आलं होतं की हातातली टोपली जड झाली की लोक खरेदी थांबवतात. हे वाचल्यापासून मी छोट्या खरेदीला ट्रॉली घेतच नाही. टोपली पण नाही, घरून आणलेली एक पिशवी, ती भरली आणि हात दुखायला लागला की निघायचं.

भुकेल्या पोटी जाऊ नका हे सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण दमलेलं असताना जाऊ नका हे कुणी फारसं सांगत नाही. कामावरून येतानाची वाटेवरची चक्कर बंद करून बघा. फक्त दूध हवं असेल तर फक्त दूध मिळेल अशा ठिकाणी जा. फेऱ्या जितक्या कमी तितका अचानकचा खर्च कमी, कारण प्रत्येक फेरीत एक-दोन जास्तीच्या वस्तू येतातच, मग आठवड्यात पाच फेऱ्या असतील तर तुम्हीच गुणाकार करा.

ऑफरचं गणित एकदा नीट बसून समजून घ्या म्हणजे दुकानात गोंधळ होत नाही. एकावर एक फ्री म्हणजे 50 टक्के सूट, पण दोन्ही वापरल्या तरच. तीन घ्या दोनचे पैसे द्या म्हणजे 33 टक्के. दुसऱ्यावर 50 टक्के सूट हे ऐकायला मोठं वाटतं पण दोन्ही मिळून ती 25 टक्केच होते. त्याच किमतीत 20 टक्के जास्त माल म्हणजे खरी सूट साधारण 17 टक्के. आणि यादीत नसलेल्या वस्तूवर कितीही सूट असली तरी तो पूर्ण खर्चच आहे, वाचलेलं काही नाही.

मोठं पाकीट स्वस्त असं धरून चालू नका, दर 100 ग्रॅमला किती पडतं ते काढा. समजा 400 ग्रॅमचं पाकीट 100ला आहे आणि 1 किलोचं 240ला. लहान पडलं 25ला 100 ग्रॅम, मोठं 24ला. फरक एकाचा. पण मोठ्यातलं 200 ग्रॅम खराब झालं तर 240 तुम्ही 800 ग्रॅमसाठी दिले, म्हणजे 30ला 100 ग्रॅम, लहानापेक्षाही महाग. घरात लोक जास्त आणि वस्तू टिकाऊ असेल तरच मोठं. अजून एक, नेहमीच्या पाकिटावरचं वजन मधूनमधून वाचत जा, किंमत तीच ठेवून आतला माल कमी केलेला असतो आणि आपल्या लक्षात येत नाही.

फोनवरची खरेदी सगळ्यात अवघड, कारण तिथे पिशवी जड होत नाही. माझे नियम सांगते. कार्डाची माहिती ॲपमध्ये सेव्ह ठेवायची नाही, दर वेळी उठून पर्स शोधावी लागली की अर्ध्या ऑर्डर तिथेच राहतात. खाण्याच्या आणि किराण्याच्या ॲपची नोटिफिकेशन बंद, कारण ती बरोबर जेवणाच्या वेळेला येतात. आणि ठरलेल्या रकमेच्या वर डिलिव्हरी फ्री असेल तर थोडे कमी पडतात म्हणून वाट्टेल ते भरायचं नाही. दोनच पर्याय, यादीतली टिकाऊ वस्तू जास्तीची घ्यायची, नाहीतर सरळ डिलिव्हरीचे पैसे द्यायचे, बहुतेक वेळा दुसराच स्वस्त पडतो.

पैसे कसे देता यानेही फरक पडतो बरं का. 2001 मध्ये ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी एक प्रयोग छापला होता, खेळाच्या सामन्याच्या तिकिटांची बोली लावायची, काहींनी रोख देणार म्हणून, काहींनी क्रेडिट कार्डवर. कार्डवाल्यांच्या बोली जवळपास दुपटीपर्यंत गेल्या. तिकीट तेच, फक्त पैसे हातातून जाताना दिसत नव्हते. म्हणून आठवड्याचे पैसे रोख काढून पाकिटात ठेवा. रोख जमत नसेल तर एक वेगळं खातं किंवा वॉलेट फक्त खाण्यासाठी ठेवा, दर आठवड्याला त्यात तेवढेच टाका आणि ऑटो-टॉपअप बंद. शिल्लक दिसली पाहिजे, एवढंच त्यात महत्त्वाचं.

एखादी वस्तू फारच हवीशी वाटली तर नाही म्हणू नका, "पुढच्या आठवड्याच्या यादीत" असं म्हणा आणि खरंच लिहा. तारखेसकट. पुढच्या आठवड्यात यादी करताना त्यातलं अर्ध्याहून जास्त आपणच खोडतो, आणि जे उरतं ते घेताना मनाला टोचत नाही. असंच आधी ठरवलेलं वाक्य प्रत्येक अवघड वेळेसाठी तयार ठेवा. घरी यायला आठ वाजून गेले तर फ्रीजवरच्या कागदातलं पहिलं जेवण. मुलं बिलाच्या रांगेत काही मागायला लागली तर "तुझी या आठवड्याची एक वस्तू हीच का?" असं विचारायचं. मुलांना ही एक वस्तू खरंच द्या, रक्कम सांगून द्या, ती इतकी विचार करून निवडतात की आपण बघत राहतो.

घरातल्या सगळ्यांना आकडा माहीत असला पाहिजे. एकट्याने बजेट सांभाळायचं आणि बाकीच्यांनी मागायचं असं असलं की सांभाळणारा माणूस घरातला पोलीस होतो, सगळे त्याच्यावर वैतागतात आणि तोही आतून थकतो. आमच्याकडे आठवड्याची शिल्लक फ्रीजवर लिहिलेली असते, कुणीही खर्च केला की तोच वजा करून नवीन आकडा लिहितो. भांडणं कमी झाली हे मी मनापासून सांगते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. सगळं लिहून, वाया जाणं थांबवून, अचानकचे खर्च काढूनसुद्धा पैसे पुरत नसतील तर तो तुमच्या शिस्तीचा प्रश्न नाही, उत्पन्न आणि महागाईचा आहे. तेव्हा मुलांचं दूध, डाळी, अंडी, भाज्या यांना कात्री लावू नका, स्वतःचं जेवण तर टाळूच नका. आधी दुसरे रकाने बघा, सबस्क्रिप्शन, हप्ते, फोनचे प्लॅन. मदत मिळण्यासारखी असेल तर घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

आणि बजेट मोडलं तर, मोडेल कधीतरी, तेव्हा पुढच्या महिन्याची वाट बघू नका. त्याच दिवशी खरेदी थांबवा आणि घरात काय काय आहे त्याची यादी करा, प्रत्येक डबा, फ्रीझरचा प्रत्येक कोपरा. बहुतेक घरांत चार-पाच दिवसांचं जेवण असंच पडलेलं असतं. त्यातून जमतील तेवढी जेवणं लिहा, ताजं म्हणून फक्त दूध-भाजी-फळांपुरते पैसे ठेवा आणि पुढचा सोमवार आला की परत 23 भागांपासून सुरू. मोडलेला आठवडा पुढच्या आठवड्यातून कापायचा नाही, ते मी दोन वर्षं करून बघितलंय.